पाच किलोंचं विमान आणि अख्खा अटलांटिक

बाल्साचं हलकं लाकूड, त्यावर ताणून बसवलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा आणि सहा फुटांचे पंख. एवढंसं मॉडेल विमान अटलांटिक महासागर ओलांडून गेलं, हे वाचून आजही अंगावर काटा येतो. ९ ऑगस्ट २००३ रोजी कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या केप स्पिअर इथून मेनार्ड हिल या अमेरिकन गृहस्थांनी 'टॅम-५' हे विमान हातानेच हवेत सोडलं. सुमारे ३९ तासांनी ते ३,००० किलोमीटरवर, आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते. त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं आणि ऐकूही फारसं येत नव्हतं.

खरी गंमत आहे ती वजनाच्या हिशेबात. हे उड्डाण विक्रम म्हणून नोंदवलं जावं, तर मॉडेलचं वजन इंधनासकट ५ किलोंच्या आत हवं होतं. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा इंधनाचाच. ते पुरवायचं, तर इंजिनाने तासाला ६० ग्रॅमहून कमी इंधनात भागवायला हवं! त्यासाठी छोट्या इंजिनात फेरफार केले आणि त्यात कंदिलात जाळायचं शुद्ध इंधन घातलं. हवा-इंधनाचं प्रमाण मात्र नेमकं जमावं लागतं. इंधन जास्त गेलं तर टाकी अर्ध्या वाटेत रिकामी. कमी गेलं तर इंजिन तापून बंद. शिवाय टाकी विमानाच्या तोलाच्या बिंदूपाशीच हवी. नाहीतर इंधन संपत जातं तसं नाक किंवा शेपूट जड होतं आणि विमान हाताबाहेर जातं.

हे सगळं पहिल्या झटक्यात जमलं नाही. २००२ मधले प्रयत्न फसले. २००३ मध्ये टॅम-५ च्या आदल्याच दिवशी उडवलेलं विमानही गेलं. महिनोन्‌महिने खपून बांधलेलं मॉडेल असं गमावल्यावर दुसऱ्या दिवशी पुढचं हातात घ्यायला केवढी उमेद लागत असेल!

असं विमान जमिनीवरून ज्याने चालवतात त्या ट्रान्समीटरच्या लहरी पृथ्वीच्या गोलाईमुळे समुद्रापलीकडे पोचत नाहीत. म्हणून मधला प्रवास जीपीएसवर चालणाऱ्या ऑटोपायलटने केला. किनारा आल्यावर हिल यांचे सहकारी डेव्ह ब्राउन यांनी ट्रान्समीटरवर ताबा घेऊन विमान उतरवलं. इथे या छंदातली सर्वांत फसवी गोष्ट आडवी येते. विमान आपल्यापासून लांब जात असताना स्टिक उजवीकडे नेली की ते आपल्या उजवीकडे वळतं. तेच समोरून आपल्याकडे येऊ लागलं की त्याचं उजवं आपलं डावं होतं. हात क्षणभर गोंधळला, तरी विमान जमिनीवर आपटतं. अनेक नवशिक्यांची पहिली विमानं याच क्षणी मोडतात. ब्राउन यांनी हे साधलं ते दीड दिवस समुद्रावर उडून आलेल्या, टाकीत जेमतेम इंधन उरलेल्या विमानावर.

ते उतरलं क्लिफडेन गावाजवळ. १९१९ मध्ये अल्कॉक आणि (दुसऱ्याच एका) ब्राउन या वैमानिकांनी न थांबता अटलांटिक पार करणारं पहिलं विमानही याच परिसरात उतरवलं होतं.

एखाद्या मैदानावर कुणी मॉडेल विमानाच्या मोडक्या पंखाचे तुकडे गोळा करताना दिसलं, तर जवळ जा आणि नेमकं काय चुकलं ते विचारा. तोल, वारा, इंधन आणि डाव्या-उजव्याचा घोळ असा उड्डाणशास्त्राचा एक झकास धडा तिथेच ऐकायला मिळेल. आणि पुढचं विमान कधी उडणार, तेही विचारायला विसरू नका.