बाइकचं इंजिन मोटारीत: कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजात छोटी उघडी स्पोर्ट्स कार स्वतः बांधायचा नाद जुना आहे. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचं अडीचशे पौंडांत अशी गाडी कशी बांधावी हे सांगणारं पुस्तक आलं आणि ‘लोकॉस्ट’ नावाच्या गाड्या गल्लोगल्ली दिसू लागल्या. सुरुवातीला त्यांत जुन्या फोर्डची इंजिनं बसत. मग अपघातात मोडलेल्या बाइकची इंजिनं स्वस्तात मिळतात हे लोकांच्या लक्षात आलं. १९९८च्या यामाहा आर-१चं इंजिन ९९८ सीसीचं, कंपनीच्या आकड्यानुसार १५० अश्वशक्तीचं, आणि सहा गिअरची पेटी त्यातच. साडेचारशे-पाचशे किलोच्या गाडीला आणखी काय हवं?

पण बाइकवर लोण्यासारखं चालणारं हे इंजिन गाडीत गेलं की मिसिंग मारतं, मधल्या रेसला ढेपाळतं, गरम झाल्यावर स्टार्ट होत नाही. मग माणूस कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी जेट बदलत बसतो. माझं म्हणणं असं की जेटला हात सगळ्यांत शेवटी लावावा. कार्ब्युरेटर बिघडलेला नसतो, त्याच्या भोवतालचं सगळं बदललेलं असतं.

हवेचा डबा गेला

आर-१वर २००१पर्यंत ४० मिलिमीटरचे चार मिकुनी कार्ब्युरेटर होते. पुढच्या वर्षी फ्युएल इंजेक्शन आलं. हे कार्ब्युरेटर व्हॅक्युमवर चालणारे. एक्सलेटर दाबला की फक्त आतली फुलपाखरू-झडप उघडते. वरची स्लाइड आणि तिला लोंबणारी सुई हवेच्या ओढीने वर जाते. स्लाइडच्या डोक्यावर रबरी पडदा असतो. त्याच्या वरच्या बाजूला घशातला व्हॅक्युम पोचतो, खालच्या बाजूला बाहेरच्या हवेचा दाब. ही बाहेरची हवा कार्ब्युरेटरच्या तोंडाजवळच्या बारीक भोकातून येते.

बाइकवर ही चारही तोंडं एअरबॉक्समध्ये, म्हणजे शांत हवेत उघडतात. गाडीत तो डबा बॉनेटखाली मावत नाही, म्हणून लोक प्रत्येक तोंडावर सुटा फिल्टर चढवतात. त्या फिल्टरची रबरी कड नेमकी त्या भोकावर बसली की स्लाइड धड वर जात नाही. दुकानदार मोठं जेट सुचवतो, पण त्याने काही होत नाही, कारण भोक बंदच असतं. त्यामुळे फिल्टर काढून आधी ही भोकं पाहावीत. जागा असेल तर चौघांना मिळून एक बंद डबा बनवावा आणि त्याला बाहेरची थंड हवा द्यावी. माझ्या मते या कामात खर्च केलेला सगळ्यांत सत्कारणी पैसा तोच.

फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या, वाटीला हवा देणाऱ्या नळ्यांचंही तसंच. त्यांची टोकं वाऱ्याच्या झोतात सोडली की वाटीतला दाब वेगाप्रमाणे बदलतो आणि मिश्रणही. उभ्या गाडीत सगळं ठीक आणि हमरस्त्यावर रडारड, असं झालं तर संशय आधी या नळ्यांवर घ्यावा. त्यांची टोकं कार्ब्युरेटरची तोंडं जिथून हवा घेतात त्याच हवेत ठेवावीत.

वळणावर पेट्रोल कुठे जातं

बाइक वळणात झुकते, त्यामुळे वाटीतलं पेट्रोल वाटीच्या मानाने सपाटच राहतं. गाडी झुकत नाही. शिवाय इंजिन काटकोनात फिरवून बसवलेलं असतं, कारण चेनच्या दात्यांची बाजू मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला जोडायची असते. बहुतेक जपानी चार सिलिंडरच्या इंजिनांत ती बाजू डावी, म्हणून गाडीत कार्ब्युरेटर उजव्या अंगाला आणि सायलेन्सरचे पाइप डाव्या अंगाला येतात. उजव्या वळणात पेट्रोल इंजिनाकडे सरकतं, डाव्या वळणात इंजिनापासून दूर. म्हणजे एकाच बाजूच्या वळणांवर इंजिन गुदमरत असेल तर तो दोष जेटचा नव्हे, फ्लोटच्या पातळीचा आणि पंपाचा.

काही जण बॉनेट खाली राहावं म्हणून इंजिन बाइकवर होतं त्यापेक्षा वेगळ्या कोनात बसवतात. मग वाटीतली पातळी मुळातच चुकते. शक्यतो बाइकवरचाच कोन ठेवावा. नाइलाज असेल तर पातळी पारदर्शक नळी लावून, गाडी सपाट जमिनीवर उभी करून, प्रत्यक्ष पेट्रोल पाहून तपासावी.

(वळणावर सरकतं ते फक्त पेट्रोल नव्हे, संपमधलं ऑइलही. तेलाच्या संपात आडपडदे घातल्याशिवाय ही गाडी ट्रॅकवर नेऊच नये, नाहीतर ट्यूनिंग करायला इंजिन उरणार नाही.)

पंप, दाब आणि उष्णता

गाडीची टाकी मागे आणि खाली असते, म्हणून पंप लागतोच. गाडीचे साधे इलेक्ट्रिक पंप या कार्ब्युरेटरना झेपेल त्याहून जास्त दाब देतात. फ्लोटची सुई तो दाब अडवू शकत नाही, वाटी ओव्हरफ्लो होते आणि पेट्रोल सिलिंडरवाटे ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला की समजावं. दाब कमी करणारा रेग्युलेटर लावून तो अडीच पीएसआयच्या आसपास ठेवणं बहुतेकांना पुरतं.

बाइकच्या कार्ब्युरेटरना चालत्या वाऱ्याची सवय असते. बॉनेटखाली ते भट्टीत बसतात. गाडी थांबवून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केली की आचके देते, ती याचमुळे. कार्ब्युरेटरच्या आजूबाजूने गरम हवा निघून जायला जाळी हवी आणि पेट्रोलची नळी पाण्याच्या पाइपापासून लांब. उलट ब्रिटनच्या दमट थंडीत घशात बर्फ धरतं, म्हणून तिथल्या अनेक बाइकच्या कार्ब्युरेटरना गरम करायची सोय असते. तीही जोडून घेतलेली बरी.

पेडल

पेडलकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. बाइकची मूठ पाव फेऱ्यात पूर्ण उघडते, गाडीच्या पेडलचा प्रवास वेगळा. एकाला पेडल पूर्ण दाबायला सांगावं आणि स्वतः फिल्टर काढून आत डोकवावं. चारही झडपा पूर्ण उघडल्या पाहिजेत. पाऊण उघडत असतील तर मेन जेटवर घालवलेले सगळे दिवस वाया. पेडलखाली थांबा बसवावा, म्हणजे जोरात पाय दिला तरी केबल ताणली जाणार नाही. परतीची जादा स्प्रिंगही हवी. केबल अडकली तर बाइकवाला मूठ उलटी फिरवून झडप बंद करू शकतो, गाडीत तसं करता येत नाही.

आता सिंक्रोनायझिंग

टॅपेट सेटिंग बरोबर आहे, इन्टेकच्या रबरातून हवा खेचली जात नाही, पायलट जेट स्वच्छ आहेत, एवढं आधी पाहावं. महिनोन्‌महिने शेडमध्ये पडून राहिलेल्या इंजिनाच्या पायलट जेटमध्ये जुन्या पेट्रोलची वार्निश हमखास सापडते.

इंजिन पूर्ण गरम करावं. चारही इन्टेकवर व्हॅक्युम गेज लावावेत. आयडलिंग ११००च्या आसपास असावं. आधी एक-दोन क्रमांकाच्या कार्ब्युरेटरमधला स्क्रू, मग तीन-चारच्या मधला, आणि शेवटी दोन जोड्या एकमेकींशी जुळवणारा मधला. प्रत्येक वेळी थोडी रेस देऊन सोडावी आणि काटे पुन्हा बसू द्यावेत. यामाहाच्या हिशेबाने दोन कार्ब्युरेटरमधला फरक पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आत असावा. काटे नाचत असतील तर गेजची नळी थोडी आवळावी, स्क्रूला दोष देऊ नये.

मिश्रणाचे स्क्रू हलक्या हाताने बंद करून दोन ते तीन फेरे उघडावेत. जोर लावला तर टोक चेपतं आणि तो स्क्रू पुन्हा कधी जागेवर नीट बसत नाही.

शेवटी जेट आणि सुई

गाडीचं वजन बाइक आणि स्वार मिळून होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे पाच ते आठ हजार आरपीएमच्या पट्ट्यातून बाइक क्षणात निघून जाते, तिथे गाडी भाराखाली बराच वेळ राहते. बाइकवर जी बारीकशी उचकी वाटली असती ती इथे खड्डा होते आणि पिस्टनही तापतो. म्हणून मी सुईला मेन जेटइतकंच महत्त्व देतो.

क्रम असा: पूर्ण एक्सलेटरवर, वरच्या रेसला मेन जेट. मग मधल्या पट्ट्यासाठी सुईची उंची, पातळ वॉशर घालून एकावेळी अर्धा मिलिमीटर. पायलट शेवटी. वाइडबँड लॅम्बडा सेन्सर असेल तर पूर्ण भारावर हवा-पेट्रोलचं प्रमाण तेराच्या आसपास असावं. पेट्रोल पूर्ण जळण्याचं प्रमाण १४.७ आहे, पण भाराखाली तेवढं लीन, म्हणजे कमी पेट्रोलचं, मिश्रण चालवलं तर पिस्टन धोक्यात येतो. चारही पाइप एकत्र येतात तिथला सेन्सर चौघांची सरासरी दाखवतो. एकटा सिलिंडर लीन आहे का, हे प्लग काढूनच कळतं: पूर्ण एक्सलेटरवर क्लच दाबून इंजिन बंद करावं, गाडी तशीच घरंगळत थांबू द्यावी आणि चारही प्लग शेजारी ठेवून पाहावेत. पांढराफटक दिसणारा लीन, काजळलेला रिच.

भारतात

आपल्याकडे अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठरवलं. बाइकच्या इंजिनाच्या गाड्या दिसतात त्या विद्यार्थ्यांच्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत, कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर. तिथे इंजिन ७१० सीसीपर्यंत आणि सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून घ्यायची अट. चाकणला बनणारं केटीएम ३९०चं इंजिन अनेक संघ वापरतात. ते इंजेक्शनवर चालतं आणि त्याला सिलिंडर एकच, त्यामुळे जुळवायला चार कार्ब्युरेटर नाहीत. पण हवेचा डबा, टाकीतलं सरकणारं पेट्रोल आणि संपमधलं ऑइल ही डोकेदुखी त्यांनाही आहेच.