गर्दीतला हात

मुंबईच्या बसने रोज जाणाऱ्या कित्येकींच्या पर्समधली सेफ्टी पिन नुसती पदर सावरायला नसते. मागून लगट करणाऱ्याला ती टोचायची, हे शिक्षण क्लास न लावताच आई-मावशीकडून मिळतं. युक्ती कामाची आहे, पण टोचून घेतलेला माणूस निमूट पुढच्या स्टॉपला उतरतो आणि बसमध्ये कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून आधी ओरडायला शिकायचं, आणि तेही नेमकं: ‘ओ निळा शर्ट, हात काढा! मी तुम्हाला ओळखत नाही!’ दुसरं वाक्य फार मोलाचं. नवरा-बायकोचं भांडण दिसतंय, असं समजून मान फिरवण्यात आपण सगळेच पटाईत आहोत.

मनगट धरलं तर नुसती ओढाओढ करू नये. मुठीतली कच्ची जागा एकच, अंगठा आणि बोटांची टोकं भेटतात ती. कोपर पोटाशी घ्यायचं, मनगटाची कड त्या फटीकडे वळवायची आणि हिसका द्यायचा. चार बोटांशी झुंजण्यापेक्षा एकट्या अंगठ्याला हरवणं सोपं. घरी भावाला हात धरायला लावून सराव करा, व्हिडिओ बघून हे येत नाही. आणि सुटल्यावर सिनेमातली किक नको. माणसं असतील तिकडे पळायचं.

कायदा पाठीशी आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात. अट एवढीच, की धोका असेपर्यंत आणि लागेल तेवढंच बळ. लगट चालू असताना कोपर हाणणं त्यात बसतं, पळालेल्याला गाठून बदडणं बसत नाही. कलम 74 खाली विनयभंगाला 1 ते 5 वर्षं कैद आहे. हद्दीचं कारण सांगून पोलीस ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही, आणि ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते.

पण बाईने एकटीनेच किती लढायचं? ऑक्टोबर 2011 मध्ये अंधेरीच्या आंबोलीत मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवलं म्हणून कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस यांना भोसकलं गेलं. आजूबाजूला माणसं होती. 2016 मध्ये चौघांना जन्मठेप झाली, दोन तरुण मात्र गेले ते गेलेच.

तुम्ही अशा गर्दीत असाल, तर मारामारीत उतरायची गरज नाही. तिच्या शेजारी जाऊन उभे राहा, 112 लावा, आणि ती तक्रार द्यायला निघाली तर साक्षीदार म्हणून सोबत जा.