फुटक्या कौलांतून उमलणारे कुट्टिमचित्र
कलावर्गासाठी एक अल्पखर्ची उपक्रम

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो. परंतु पुष्कळ ठिकाणी तो कागदावरच राहतो. रंगपेटी प्रत्येक पालकास परवडत नाही. लहान शाळेत स्वतंत्र कलाशिक्षक नसतो. शिवाय, ‘मला चित्र काढता येत नाही’ अशी मनाशी एकदा खूणगाठ बांधलेले मूल पुढे कागदास हातच लावीत नाही. यांपैकी पहिल्या दोन अडचणी पैशाच्या व मनुष्यबळाच्या आहेत. तिसरी मात्र मुलाच्या आत्मविश्वासाची असून तीच अधिक गंभीर होय. या तिन्ही अडचणींतून वाट काढणारा कलाप्रकार म्हणजे मोझेक, अर्थात कुट्टिमचित्र. त्यास कुंचला लागत नाही, साहित्य परसातच सापडते आणि ज्याची रेघ सरळ येत नाही असे मूलही त्यात बरोबरीने भाग घेऊ शकते.

कुट्टिमचित्र म्हणजे काय?

‘कुट्टिम’ या संस्कृत शब्दाचा अर्थ फरसबंदी केलेली भूमी. दगड, काच, भाजलेली माती अशा पदार्थांचे लहान लहान तुकडे शेजारी शेजारी बसवून जी आकृती सिद्ध होते, तिला कुट्टिमचित्र म्हणतात. या कलेचा आरंभ मौल्यवान वस्तूंतून झाला, असा समज असल्यास तो बरोबर नाही. आजच्या इराकमधील उरुक या प्राचीन नगरीत सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी भाजलेल्या मातीचे रंगीत शंकू भिंतीत रोवून नक्षी साधलेली आढळते. प्राचीन ग्रीसमध्ये नदीकाठच्या गोट्यांनी जमिनी चितारल्या गेल्या. सोनेरी काचेचा झगमगाट पुढे आला. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील दरबार सभागृहाची व्हेनिशियन पद्धतीची जमीन हा याच कलेचा राजेशाही अवतार होय.

तथापि, टाकाऊ वस्तूंशी असलेले या कलेचे नाते कधी तुटले नाही. स्पेनमधील बार्सिलोना येथे आंतोनी गाउदी या वास्तुविशारदाने ग्युएल उद्यानातील (1900-1914) बाके फुटक्या फरशांच्या तुकड्यांनी सजविली. चंदीगड येथे नेकचंद या शासकीय रस्ते-निरीक्षकाने 1957 च्या सुमारास फुटक्या कपबश्या, बांगड्या व टाकाऊ दगड यांतून एक अद्भुत सृष्टी उभारण्यास प्रारंभ केला. 1976 मध्ये ते ‘रॉक गार्डन’ जनतेस खुले झाले. आपल्याकडेही गच्चीवर उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविण्याची पद्धत रूढ आहे. ते काम करणारा गवंडी हा एका अर्थी कुट्टिमकारच होय.

परसातील रंगपेटी

गोव्यातील खेड्यात फिरताना डोळे उघडे ठेवल्यास तीन मूळ रंग फुकट मिळतात. फुटक्या मंगळुरी कौलाचा तांबडा, तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा पांढरा आणि शिनाण्यांच्या कवचाचा निळसर काळा. यांत घडविलेल्या फरशांच्या दुकानातील फुटके तुकडे, तडा गेलेल्या बश्या आणि मडक्याची खापरे यांची भर घातली की रंगसंगती पुरेशी होते. शिंपले स्वयंपाकघरातून टाकून दिलेलेच घ्यावेत; किनाऱ्यावरील जिवंत शिंपले वेचू नयेत. ते उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावेत, म्हणजे दुर्गंधी राहत नाही.

लहान वर्गांसाठी याहून मऊ साहित्य हवे. जुन्या मासिकांचे रंगीत कागद, चिंचोके, कलिंगडाच्या व भोपळ्याच्या बिया, अंड्यांची कवचे ही त्यांस योग्य होत. खाण्याजोगे धान्य यासाठी वापरू नये. किडलेली कडधान्ये चालतील, मात्र ती आधी कोरडी भाजून घ्यावीत. येथे एक इशारा आवश्यक आहे. लाल-काळी गुंज दिसावयास मोहक असली तरी विषारी आहे. एरंडाच्या व काजऱ्याच्या बियांसंबंधी हेच म्हणता येईल. या तीन बिया वर्गात मुळीच आणू देऊ नयेत.

चिकटविण्यासाठी कागद व बियांकरिता मैद्याची किंवा गव्हाच्या पिठाची खळ पुरते. पुस्तक-बांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी असल्याने मुलांच्या खळीत घालू नये. त्याऐवजी खळ दर वेळी ताजी करावी. शिंपले व कौलांच्या तुकड्यांसाठी लाकूडकामाचा पांढरा डिंक घ्यावा.

इयत्तेनुसार पायऱ्या

पहिली-दुसरीच्या मुलांनी कागदाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे हातानेच फाडावेत. कातरीने कापलेल्या कडेपेक्षा फाटलेली कड चित्रात अधिक सजीव दिसते आणि बोटांस वळणही लागते.

तिसरी-चौथीत अंड्यांची कवचे घ्यावीत. ती धुऊन आतील पापुद्रा काढावा व वाळवावीत. हळदीच्या, बिटाच्या किंवा चहाच्या पाण्यात ठेवल्यास त्यांवर रंग चढतो. पुठ्ठ्यावर डिंक लावून कवचाचा तुकडा फुगीर बाजू वर करून ठेवावा व अंगठ्याने हलकेच दाबावा. तो जागच्या जागी तडकतो आणि तडांची सुरेख जाळी आपोआप उमटते. ओल्या डिंकाने पुठ्ठा वाकतो, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांस आधी कागद चिकटवून तो वजनाखाली वाळवून घ्यावा.

पाचवीपासून पुढे कौल, फरशी व शिंपल्यांचे काम हाती घ्यावे.

रचनेची तत्त्वे

विषय साधा व ठळक असावा : मासा, मोर, नारळाचे झाड, होडी. बारीक तपशील तुकड्यांत मावत नाही. प्रथम बाह्यरेषेलगतची एक ओळ बसवावी, मग आतील भाग भरावा आणि शेवटी पार्श्वभूमी. ओळी आकृतीच्या वळणाने गेल्या पाहिजेत. माशाच्या अंगावर त्या शेपटीकडे वाहाव्यात, पाण्यात आडव्या लहरत जाव्यात. तुकडे कसेही विखुरले तर रंग राहतो, पण आकृती हरवते. दोन तुकड्यांत तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी फट ठेवावी. गडद आकृतीमागे फिकट आणि फिकट आकृतीमागे गडद पार्श्वभूमी असावी. चिकटविण्यापूर्वी सर्व तुकडे नुसते मांडून लांबून पाहण्याची सवय मुलांस लावावी. चुकलेला तुकडा उचलून दुसरीकडे ठेवता येतो, ही सवलत रंगकामात सहसा मिळत नाही. ‘चुकलो तरी बिघडत नाही’ हा विश्वास बुजऱ्या मुलास येथेच प्राप्त होतो.

शाळेच्या भिंतीवरील सामुदायिक चित्र

साठ सेंटिमीटर रुंद व ऐंशी सेंटिमीटर उंच चित्राचे क्षेत्रफळ 4,800 चौरस सेंटिमीटर होते. फटीसह प्रत्येक तुकड्यास सुमारे 4 चौरस सेंटिमीटर जागा लागते असे धरल्यास 1,200 तुकडे हवेत. वर्गात चाळीस मुले असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास केवळ तीस तुकडे येतात. हा हिशेब शिक्षकाने स्वतः न सांगता मुलांकडूनच करवून घ्यावा. गणिताचा एक धडा त्यात अनायासे होतो.

भिंतीसाठी उलट पद्धत सर्वांत सोयीची आहे, कारण तीत मुलांस सिमेंटला हात लावावा लागत नाही. जाड तपकिरी कागदावर चित्र उलटे, म्हणजे आरशात दिसते तसे, काढावे. त्यावर सपाट तुकडे दर्शनी बाजू खाली करून खळीने चिकटवावेत. वाकड्या शिंपल्यांचा येथे उपयोग नाही. कागदाचे वीस सेंटिमीटरचे चौकोन पाडून त्यांस अनुक्रमांक द्यावेत. असे बारा चौकोन होतात व प्रत्येकावर शंभर तुकडे बसतात. तीन-चार मुलांच्या एकेका गटास एक चौकोन वाटून देता येतो. चौकोन वाळल्यावर गवंड्याने भिंत ओली करून एक भाग सिमेंट व तीन भाग चाळलेली वाळू यांचा थर द्यावा आणि चौकोन क्रमाने दाबून बसवावेत. दुसऱ्या दिवशी कागद पाण्याने भिजविला की खळ सुटते, कागद निघून येतो आणि चित्र सुलटे प्रकट होते. नंतर फटींत पांढरे सिमेंट भरून ओल्या फडक्याने पुसावे व आठवडाभर चित्रावर पाणी शिंपडावे. हे काम पावसाळा सरल्यावर करावे. दमट हवेत खळीस बुरशी येते आणि डिंकावर केलेले चित्र तर उघड्या भिंतीवर टिकतच नाही.

दक्षता

कौल व फरशी फोडण्याचे काम शिक्षकाने किंवा पालकाने करावे. मुलांनी करू नये. तुकडा गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडावा व डोळ्यांवर चष्मा असावा. धारदार कडा खडबडीत दगडावर पाणी घालून घासाव्यात. पाण्यामुळे धूळ उडत नाही. काच व बांगड्यांचे तुकडे प्राथमिक वर्गात टाळावेत. सिमेंटने त्वचा भाजते, म्हणून ते हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत.

गावाचा सहभाग

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये कलेची इतर विषयांशी सांगड घालण्यावर भर दिला आहे. हा उपक्रम त्यास सर्वथा अनुरूप आहे. पालक-शिक्षक संघाने फुटकी कौले व फरशा गोळा कराव्यात, पंचायतीने एक गोणी सिमेंट व वाळू द्यावी, गावातील गवंड्याने दोन दिवस द्यावेत. भागशिक्षणाधिकाऱ्यांनी शाळाभेटीत या कामाची अवश्य पाहणी करावी. परंतु शाळाशाळांत क्रमांक लावण्याचा मोह टाळावा. शिक्षकांनीही वर्गातील एकदोन कुशल मुलांकडून सारे चित्र करवून घेऊ नये. तसे केल्यास भिंत सजेल, पण उपक्रमाचा हेतू विफल होईल.

पाहुण्यांस भिंतीवर मासा दिसेल किंवा मोर दिसेल. ज्या मुलाने कधी रंगाची पेटी पाहिली नाही त्यास मात्र त्यातील आपले तीस तुकडे नेमके ठाऊक असतील. शाळेच्या भिंतीवर आपलाही वाटा आहे, ही जाणीव त्याच्या मनात रुजली तर फुटक्या कौलांचे सार्थक झाले असे समजावे.