हेल्मेटच्या आत कोणाचा घसा?

‘डाफ्ट पंक’ या जोडीच्या गाण्यांतला तो यांत्रिक आवाज कम्प्युटर गातो का, असं एका वाचकाने विचारलंय. नाही, गातो माणूसच. पॅरिसचे थॉमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द होमेम-क्रिस्तो २०२१मध्ये वेगळे झाले, पण त्याआधी कित्येक वर्षं दोघं रोबोटची हेल्मेटं घालूनच लोकांसमोर यायचे. त्या सोंगाला शोभणारा आवाज बऱ्याचदा व्होकोडरचा. (‘वन मोअर टाइम’मधली करामत मात्र सूर दुरुस्त करणाऱ्या ऑटो-ट्यूनची. ते सॉफ्टवेअर लिहिणारे अँडी हिल्डब्रँड आधी भूकंपलहरींवरून तेल शोधायच्या धंद्यात होते!)

व्होकोडर कळायला यंत्र लागत नाही. गळ्यावर बोट ठेवा आणि ‘उद्या सकाळी ये’ असं कुजबुजा. स्वरतंतू थरथरतच नाहीत, तरी समोरच्याला शब्द न् शब्द कळतो. म्हणजे शब्द घडतात जीभ, ओठ, टाळूपाशी. घसा पुरवतो तो कच्चा नाद. बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन-प्रयोगशाळेतल्या होमर डडली यांनी नेमकं हेच हेरलं. त्यांना संगीताशी काही देणंघेणं नव्हतं. महागड्या केबलमधून जास्त संभाषणं कशी पाठवता येतील, ही त्यांची विवंचना. जीभ काही ध्वनिलहरीच्या वेगाने हलत नाही, मग अख्खी लहर कशाला धाडायची? आवाजाचे दहा पट्टे पाडा, प्रत्येकाचा जोर किती तेवढं कळवा, आणि पलीकडे कृत्रिम नादावर तेच चढउतार बसवा. हाच व्होकोडर. १९३९ साली त्याला पेटंट मिळालं. त्या नादाच्या जागी सिंथेसायझर जोडला की रोबोट गायला लागतो. ‘भविष्याचा आवाज’ म्हणून ज्याचं कौतुक झालं, त्याचं वय हे असं आहे.

डडलींच्या युक्तीचा खरा फायदा उठवला दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने. १९४३मध्ये वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यात ‘सिगसॅली’ ही गुप्त फोनयंत्रणा सुरू झाली. वजन सुमारे ५५ टन. लंडनमधला पसारा सेल्फ्रिजेस या दुकानाच्या तळघरात. व्होकोडरच्या आकड्यांत तबकडीवर नोंदवलेली निव्वळ खरखर मिसळायची आणि पलीकडे जुळी तबकडी त्याच ठेक्यात फिरवून ती वजा करायची. वापर झाला की तबकड्या नष्ट. दोन खंडांत एकाच वेळी चाललेली ही डीजेगिरी १९७६पर्यंत गुपितच राहिली! ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग १९४३च्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये होते, ते याच आवाज लपवण्याच्या कामाच्या निमित्ताने.

पुढे १९७०च्या सुमारास संगीतकार वेंडी कार्लोस आणि सिंथेसायझर बनवणारे रॉबर्ट मूग यांनी संगीतासाठी व्होकोडर जुळवला, जर्मनीच्या क्राफ्टवेर्क बँडने तो गाजवला. त्या नावांवर पुस्तकं निघतात, डडली तळटीपेत.

आणि बिष्णू अटल? त्यांचं नाव आपल्याकडेही फारसं कुणी घेत नाही. कानपूरमध्ये जन्मलेले अटल बेल लॅब्जमध्येच घसा आणि तोंड यांची हीच फारकत गणितात पुढे घेऊन गेले. १९८५मध्ये त्यांनी आणि मानफ्रेड श्रोडर यांनी मांडलेली, आवाज आकड्यांत बांधायची ‘सेल्प’ पद्धत पुढे मोबाइलमध्ये रुजली. त्यामुळे फोनवर आपल्याला ऐकू येते ती आईच्या आवाजाची मूळ लहर नसते. तिकडून आलेल्या मोजक्या आकड्यांवरून आपला हँडसेट तो आवाज नव्याने घडवत असतो.