शेक आणि ताण: आधी काय, नंतर काय?

पांढुर्णा आणि सौंसरची अनेक पोरं पहाटेच मैदान गाठतात. कोणाला सैन्यभरतीचे १.६ किलोमीटर धावायचे असतात, तर कोणाची कबड्डीची तयारी चालू असते. थंडीत मांडीमागचा स्नायू आखडला की सल्ले सुरू होतात. त्यातले काही सल्ले पायाला महागात पडतात.

गैरसमज: शेकलं की स्नायू लवचिक होतो.
वस्तुस्थिती: शेकाने रक्तप्रवाह वाढतो, ताण सोसवतो; पण ऊब ओसरली की हा फायदाही ओसरतो. टिकाऊ लवचिकता येते ती आठवडेच्या आठवडे नियमित ताण दिल्याने. म्हणून १५-२० मिनिटं शेकून स्नायू गरम असतानाच ताण द्या. पण गरम पाण्याच्या पिशवीची उष्णता त्वचेखाली जेमतेम एक-दोन सेंटिमीटर पोचते. मांडीसारखा जाड स्नायू आतून गरम करायला पाच-दहा मिनिटं हलकं धावणंच बरं.

गैरसमज: धावण्याआधी ताण जितका वेळ धरू तितकं चांगलं.
वस्तुस्थिती: एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला, तर वेग आणि उडीची ताकद काही काळ थोडी घटते. धावण्याआधी पाय पुढे-मागे झुलवा, गुडघे उंच उचलत धावा. धरून ठेवायचे ताण सरावानंतर: टाच पायरीवर, गुडघा सरळ, पाठ न वाकवता कमरेतून पुढे झुका. मांडीमागे ओढ जाणवली की तिथेच ३० सेकंद थांबा. असं दोन-तीनदा करा. झटके देऊ नका.

गैरसमज: पाय मुरगळला की लगेच शेका, चोळा.
वस्तुस्थिती: पहिले दोन-तीन दिवस शेक आणि मालीश दोन्ही टाळा, सूज वाढू शकते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं धरा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. पाय टेकवत नसेल किंवा जागा काळीनिळी पडली, तर डॉक्टरांना दाखवा.

गैरसमज: बामची आग झाली, म्हणजे स्नायू आतून गरम झाला.
वस्तुस्थिती: ती जाणीव मुख्यतः त्वचेतली असते. बामवर गरम पिशवी ठेवली, तर कातडी भाजू शकते.

भरतीची तारीख जाहीर झाल्यावर चार दिवसांत अंग मोकळं होत नाही. आजपासून रोज दहा मिनिटं द्या. पोरांनो, पाय जपलात तरच मैदान मारता येईल.