ठणठणीत माणसाला खोलीत का ठेवतात?

विरार स्टेशनवर पाठीवर किट-बॅग घेऊन लोकलमध्ये घुसणारी मुलं तुम्ही पाहिलीच असतील. पृथ्वी शॉ विरारचाच. शार्दूल ठाकूर त्याच्याही पुढचा, पालघरचा. जानेवारी २०२१मध्ये हे दोघे भारतीय क्रिकेट संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होते, आणि तिथे वाद पेटला होता कोरोनाच्या नियमांवरून!

आपला संघ सिडनीत १४ दिवस विलगीकरणात राहून मगच खेळायला उतरला होता. पण चौथी कसोटी होती क्वीन्सलँड राज्यातल्या ब्रिस्बेनला. सिडनीत साथ पुन्हा वाढली, तशी क्वीन्सलँडने सिडनीकरांसाठी सीमा बंद केली. खेळाडूंना या म्हटलं, पण खेळ संपला की थेट हॉटेलात! आपल्या क्रिकेट मंडळाने पत्र लिहून सवलत मागितली. नियम पाळायचे नसतील तर येऊच नका, असं तिथल्या विरोधी पक्षाच्या एक आमदारबाई म्हणाल्या.

एकदा १४ दिवस झाले ना, मग पुन्हा कशाला? अहो, विषाणू शरीरात शिरला की लगेच ताप येत नाही. आधी तो पेशींत घुसून स्वतःच्या प्रती काढत सुटतो. कोरोनात यात साधारण पाच दिवस जात, क्वचित बारा-चौदासुद्धा. तोवर माणूस ठणठणीत! सुरुवातीला चाचणीतही विषाणू सापडत नाही आणि लक्षणं दिसायच्या आधीच दुसऱ्याला लागण होऊ शकते. म्हणून नवा धोका आला की सापशिडीसारखं पुन्हा पहिल्या घरात.

बंद खोलीच्या हवेत विषाणू साचतो, म्हणून खेळाडूंना उघड्यावर बसूनच जेवायची मुभा होती. मेलबर्नमध्ये पाच जण रेस्टॉरंटच्या आत बसले, त्यांत पृथ्वीही होता. पाचही जणांना संघापासून वेगळं ठेवलं. चाचण्या मात्र निगेटिव्ह आल्या.

मला दोन्ही बाजू पटतात. आपला गोलंदाज मोहम्मद सिराजचे वडील नोव्हेंबरमध्ये वारले, तरी तो संघासोबतच राहिला. एवढं सोसलेल्यांना आणखी किती कोंडायचं? पण ब्रिस्बेनमध्येही नव्या प्रकारच्या कोरोनाचा एक रुग्ण सापडला आणि अख्खं शहर तीन दिवस बंद झालं होतं.

त्यात आपले एकेक गोलंदाज जखमी झाले. भारतातून नवा खेळाडू बोलवावा तर त्यालाही १४ दिवस! मग चौथ्या कसोटीत जे तिथे होते तेच उतरले. शार्दूलने सामन्यात सात बळी घेतले, पहिल्या डावात ६७ धावा काढल्या, आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागीदारी केली. ब्रिस्बेनच्या ज्या गॅबा मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८नंतर कसोटी हरलाच नव्हता, तिथे १९ जानेवारीला भारत जिंकला!