कुलूप तबकडीला, किल्ली घरोघरी

घराचा माळा आवरायला काढला की जुन्या डीव्हीडींचा एखादा खोका हमखास सापडतो. त्यात लग्नाचे चित्रीकरण असते, मुलांनी हट्टाने घ्यायला लावलेले कार्टून असते आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांनी कौतुकाने आणलेला, पण इथल्या प्लेअरवर कधीच न चाललेला एखादा इंग्रजी चित्रपटही असतो. घरात हृदयरोगाचा रुग्ण असेल तर अँजिओग्राफीची तबकडीही त्यातच निघते. साऱ्या दिसायला सारख्याच, १२ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या. अमेरिकेहून आलेली तबकडी चालली नाही तेव्हा ती खराब निघाली असे समजून अनेकांनी बाजूला ठेवली. प्रत्यक्षात ती भारतात चालू नये अशीच तिची रचना केलेली होती. या रचनेमागे हॉलिवूडच्या स्टुडिओंची एक मोठी धास्ती होती आणि त्या धास्तीचे मूळ तबकडीच्या विज्ञानातच आहे.

फितीची आपोआप मोडणारी साखळी

ही धास्ती डीव्हीडीपेक्षा जुनी. घरी बसून टीव्हीवरचा कार्यक्रम टिपून ठेवणारे यंत्र १९७५ च्या सुमारास बाजारात आले तेव्हा युनिव्हर्सल आणि डिस्ने या स्टुडिओंनी १९७६ मध्ये सोनी कंपनीला न्यायालयात खेचले. प्रेक्षक फुकटात चित्रपट साठवू लागले तर आमचे काय होणार, हा त्यांचा प्रश्न होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सोनीच्या बाजूने निकाल दिला. पुढे काही वर्षांतच घरगुती व्हिडिओतून मिळणारे उत्पन्न चित्रपटगृहांच्या उत्पन्नाला मागे टाकू लागले. ज्या यंत्रावर बंदी हवी होती, त्यानेच स्टुडिओंची तिजोरी भरली.

कॅसेटच्या बाबतीत निसर्गही स्टुडिओंच्या बाजूने होता. चुंबकीय फितीवरून काढलेली प्रत मूळ फितीपेक्षा थोडी अंधूक येते. प्रतीची प्रत काढली की रंग पसरतात, आवाजात खरखर येते. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यावर अक्षरे जशी पुसट होतात, तसाच हा प्रकार. तिसऱ्या-चौथ्या पिढीची कॅसेट पाहवत नसे आणि चोरीची साखळी आपोआप तुटत असे. डीव्हीडीने नेमके हेच संरक्षण काढून घेतले.

रक्तपेशीच्या रुंदीत दहा रांगा

डीव्हीडीवर चित्रपट असतो तो सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात. आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत हे खड्डे कोरलेले असतात. रेषेच्या दोन वळणांमधले अंतर ०.७४ मायक्रॉन. आपली तांबडी रक्तपेशी सात ते आठ मायक्रॉन रुंदीची असते. म्हणजे एका रक्तपेशीच्या रुंदीत अशी दहा वळणे सहज मावतात. सर्वांत छोटा खड्डा ०.४ मायक्रॉन लांबीचा, बहुतेक जिवाणूंपेक्षाही लहान. एका थरातली ही रेषा उलगडून सरळ केली तर सुमारे १२ किलोमीटर भरेल.

सीडी वाचण्यासाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जवळपास न दिसणारा अवरक्त लेसर वापरत. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर आला. तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाशाचा ठिपका बारीक करता येतो. बारीक ठिपका बारीक खड्डे वाचतो. त्यामुळे सीडीएवढ्याच तबकडीवर जवळपास सातपट मजकूर, म्हणजे एका थरात ४.७ गिगाबाइट मावू लागला.

तरीही पूर्ण चित्रपटाला ही जागा पुरली नसती. इथे मानवी डोळ्याचा स्वभाव कामी आला. आपल्या दृष्टिपटलावर उजेड-अंधार टिपणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी असतात, तर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी सुमारे ६० लाखच. शिवाय डोळ्यांकडून आलेल्या संदेशांतून मेंदू उजेडाचे बारकावे रंगाच्या बारकाव्यांपेक्षा कितीतरी नेमके वेचतो. म्हणून चित्रातला उजेड-अंधार पूर्ण तपशिलाने साठवायचा आणि रंगाची माहिती चौथा हिस्साच ठेवायची, अशी युक्ती डीव्हीडीत वापरली जाते. जोडीला, एका चित्रातून पुढच्या चित्रात जे बदलले तेवढेच नोंदवले जाते. डोळ्यांना जे जाणवणारच नाही ते वगळल्यामुळे दोन तासांचा चित्रपट तळहाताएवढ्या तबकडीत बसला.

आता तबकडीवर ओरखडा आला तर? त्यासाठी मूळ माहितीसोबत गणिती पद्धतीने तयार केलेले जादा अंक साठवलेले असतात. काही भाग वाचता आला नाही, तर या अंकांवरून हरवलेला भाग पुन्हा बांधता येतो. आपल्या पेशींतही असेच काहीसे चालते. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएची नक्कल होताना चुका होतात. पण तपासणारी आणि दुरुस्त करणारी यंत्रणा त्यातल्या बहुतेक निस्तरते आणि शेवटी अब्जावधी अक्षरांमागे एखादीच चूक उरते. डीव्हीडीच्या प्रतीचे असेच होते. पहिली प्रत आणि शंभरावी प्रत यांत काहीच फरक राहत नाही. कॅसेटची चोरी पिढ्यांगणिक अशक्त होत जाई, अंकांच्या रूपातली चोरी तशीच ताजी राहणार होती. स्टुडिओंची झोप उडाली ती यामुळे.

कुलूप कसे घडले

१९९५ मध्ये दोन प्रतिस्पर्धी तबकड्या तयार होत्या. एक सोनी आणि फिलिप्स यांची, दुसरी तोशिबा आणि टाइम वॉर्नरच्या गटाची. संगणक कंपन्यांनी दबाव आणल्यावर त्या वर्षाच्या अखेरीस एकाच तबकडीवर तडजोड झाली. मात्र नकलेपासून संरक्षण मिळाल्याशिवाय चित्रपट देणार नाही, असे स्टुडिओंनी बजावले. त्या वाटाघाटींत बरेच महिने गेले. डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आणि अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये विक्रीला आली.

मिळालेले संरक्षण तीन पदरी होते. पहिले, चित्रपट कूटबद्ध करणारे कुलूप. दुसरे, डीव्हीडीवरून कॅसेटवर प्रत काढू गेल्यास चित्र बिघडवणारा संकेत. तिसरे, जगाची विभागणी. अमेरिकेला विभाग १, युरोप आणि जपानला २, भारताला रशिया आणि आफ्रिकेतील बऱ्याच देशांबरोबर ५. नातेवाइकांनी आणलेली तबकडी अडली ती इथे. चित्रपट एका देशात तबकडीवर आलेला असताना दुसऱ्या देशात अजून पडद्यावर लागायचा असे, म्हणून ही तटबंदी.

एवढे करूनही सगळे स्टुडिओ लगेच पुढे आले नाहीत. वॉर्नर सुरुवातीपासून उत्साही होता. त्याच्या व्हिडिओ विभागाचे प्रमुख वॉरेन लीबरफार्ब यांचे गणित वेगळे होते. नव्या चित्रपटाची कॅसेट तेव्हा शंभर डॉलरच्या आसपास असे, त्यामुळे ती दुकानदार घेत आणि लोक भाड्याने नेत. तबकडी पंचवीस डॉलर किंवा त्याहून स्वस्त ठेवली तर लोक ती विकतच घेतील, असा त्यांचा होरा होता. डिस्ने १९९७ च्या अखेरीस आला, पॅरामाउंट आणि फॉक्स १९९८ मध्ये. त्याच वर्षी ‘डिव्हएक्स’ नावाची आणखी कडक तबकडी निघाली. ती साडेचार डॉलरना घ्यायची, पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास बघायची, पुढे प्लेअर फोनच्या तारेवरून कंपनीला कळवणार आणि पैसे भरले तरच चित्रपट पुन्हा दिसणार. ग्राहकांनी तिला नाकारले आणि जून १९९९ मध्ये तो प्रयोग बंद पडला.

एक किल्ली पुरली

मुख्य कुलपाची किल्ली ४० अंकी, म्हणजे ४० शून्य-एकांची होती. तिच्या एक लाख कोटींहून अधिक जुळण्या संभवतात. आकडा मोठा वाटला तरी संगणकाला तो जड नव्हता. खरा कच्चा दुवा दुसराच होता. चित्रपट दिसायचा तर प्रत्येक प्लेअरमध्ये किल्ली हवीच. कंपन्यांना अशा चारशेहून अधिक किल्ल्या वाटल्या होत्या. म्हणजे ज्याच्यापासून चित्रपट लपवायचा, त्याच्याच दिवाणखान्यात किल्ली ठेवली होती.

संगणकावर चालणाऱ्या एका प्लेअरमध्ये ही किल्ली नीट झाकलेली नव्हती. ऑक्टोबर १९९९ मध्ये ती वापरून कुलूप उघडणारा छोटा प्रोग्रॅम प्रसिद्ध झाला. तो प्रसृत करणाऱ्यांतला नॉर्वेचा योन योहानसेन तेव्हा जेमतेम १५ वर्षांचा होता. त्याच्यावर खटला चालला, पण स्वतः विकत घेतलेली तबकडी उघडणे हा गुन्हा नाही, असे ठरवून न्यायालयाने २००३ च्या जानेवारीत त्याला निर्दोष सोडले आणि डिसेंबरमध्ये अपिलातही तोच निर्णय राहिला. अमेरिकेत मात्र १९९८ च्या कायद्यानुसार असे कुलूप फोडण्याची साधने पुरवणे बेकायदा होते आणि तिथला निकाल स्टुडिओंच्या बाजूने लागला. त्याने तांत्रिक फरक काहीच पडला नाही. एका जिवाणूला प्रतिजैविकावर मात करण्याचा गुण गवसला की तो इतरांना वाटत सुटतो, मग तेच औषध सगळीकडे निरुपयोगी ठरू लागते. तबकडीच्या बाबतीत औषध बदलायचीही सोय नव्हती. विकल्या गेलेल्या लाखो तबकड्यांची कुलपे आता बदलणार कशी?

भीती खरी, उपाय अपुरा

कुलूप तुटल्यावर डीव्हीडीचा धंदा बुडायला हवा होता. घडले उलटेच. कुलूप फुटले त्याच वर्षी ‘द मॅट्रिक्स’ची तबकडी अमेरिकेत दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी पहिली ठरली. जून २००३ मध्ये भाड्याच्या व्यवहारातही डीव्हीडीने कॅसेटला मागे टाकले. स्वच्छ चित्र, उत्तम आवाज आणि परवडणारी किंमत मिळाली की बहुतेक लोक सरळ मार्गाने विकत घेतात, हे लीबरफार्ब यांचे गणित बरोबर निघाले.

भारतात हाच धडा दुसऱ्या बाजूने मिळाला. इथे चोरट्या प्रतींचा बाजार आधीच व्हीसीडीवर उभा होता आणि व्हीसीडीला कुलूपच नव्हते. अधिकृत डीव्हीडी महाग आणि पदपथावरची प्रत स्वस्त, अशी स्थिती असताना २००७ मध्ये मोझर बेअर या भारतीय कंपनीने अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. किमतीतली तफावत जवळपास मिटल्यावर किराणा दुकानातही अधिकृत तबकडी दिसू लागली. कंपनी पुढे अडचणीत आली, पण तिने दाखवलेला मार्ग खोटा नव्हता. कायद्याचा बडगाही होताच. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ मध्ये केलेल्या महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरेट’ही घालण्यात आले.

चोरीने कोणाचेच नुकसान होत नाही, असा याचा अर्थ नव्हे. मोठे स्टुडिओ तग धरतात, पण कर्ज काढून चित्रपट करणारा मराठी निर्माता पहिल्याच आठवड्यातल्या चोरट्या प्रतीने कोलमडू शकतो. प्रश्न इतकाच, की कुलपाने अडवले कोणाला? चोराने ते केव्हाच उघडले होते. अडकून पडला तो पैसे मोजून परदेशातून तबकडी आणणारा साधा प्रेक्षक.

माळ्यावरच्या खोक्यासाठी एक सूचना. कारखान्यात छापलेल्या तबकडीत खड्डे असतात, पण लग्नाची किंवा अँजिओग्राफीची तबकडी लेसरने रंगद्रव्यावर लिहिलेली असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी ते रंगद्रव्य बिघडते. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी घालायला जागाही उरलेली नाही. रुग्णालयातली तबकडी मुद्दामच अशा पद्धतीने लिहिलेली असते, की ती कुठल्याही रुग्णालयाच्या संगणकावर उघडावी. तेव्हा तिची आणि घरच्या चित्रीकरणाची प्रत पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर वेळीच काढून ठेवावी. जुनी अँजिओग्राफी समोर असली, तर हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा वाढला की तेवढाच राहिला, हे डॉक्टरांना तुलना करून सांगता येते. त्या वेळी ती तबकडी वाचता आलीच नाही, तर तिचा पर्याय बाजारात विकत मिळत नाही.